रक्त, रंजक आणि प्रकाश : एका विलंबाचा इतिहास

दान केलेल्या रक्तातून रोग्याला जीवन मिळते. परंतु त्याच रक्तातून दात्याच्या शरीरात दडलेला रोगही त्याच्याकडे जाऊ शकतो. ह्या धोक्यावर रक्तविज्ञानाने जे उपाय योजले त्यांपैकी एकाचा इतिहास विशेष चिंतनीय आहे. रक्तद्रवात, म्हणजेच प्लाझ्मात, किंवा व्यवहारात ज्यांना प्लेटलेट म्हणतात त्या बिंबाणूंच्या निलंबात एखादे प्रकाशग्राही द्रव्य मिसळावयाचे, ती पिशवी योग्य तरंगलांबीच्या प्रकाशाखाली ठेवावयाची आणि प्रकाशाने उत्तेजित झालेल्या त्या द्रव्याकडून विषाणूंचे निष्क्रियीकरण करून घ्यावयाचे, असे ह्या उपायाचे थोडक्यात स्वरूप आहे.

ह्या उपायाचे मूळ तत्त्व १९०० साली प्रसिद्ध झाले होते. रंजक व प्रकाश ह्यांच्या संयोगाने विषाणू निष्क्रिय होतात, ही गोष्ट १९२८ ते १९३३ ह्या काळात सिद्ध झाली होती. तथापि रुग्णालयातील रोग्याला अशा रीतीने संस्कारित केलेले रक्तघटक नित्य मिळू लागले ते विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात. मधली साठ वर्षे कशात गेली, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. केवळ तांत्रिक अडचणी किंवा केवळ अनास्था ह्यांपैकी कोणत्याही एका कारणाने त्याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. ‘रक्त सुरक्षित आहे’ ह्या विधानाचा प्रत्येक पिढीने जो अर्थ केला, त्या अर्थात ह्या उपायाला जागाच नव्हती. तो अर्थ बदलला तेव्हा जुने ज्ञान पुन्हा उपयोगी वाटू लागले, असे येथे दाखवावयाचे आहे.

१. तत्त्वाचा उदय

सूर्यप्रकाशाने सूक्ष्मजंतूंची वाढ खुंटते, हे डाउन्स व ब्लंट ह्या इंग्रज संशोधकांनी १८७७ साली दाखविले होते. वर्णपटाच्या निळ्या-जांभळ्या टोकाकडील किरण ह्या बाबतीत अधिक प्रभावी असतात, हेही त्यांच्या लक्षात आले होते. परंतु ही प्रकाशाची स्वतःची क्रिया होती. एखाद्या द्रव्याच्या मध्यस्थीने प्रकाश घातक होतो, हा शोध निराळा असून तो म्युनिकचा आहे. तेथे हेर्मान फॉन टापायनर ह्यांच्या हाताखाली काम करणारा ऑस्कर राब हा विद्यार्थी अ‍ॅक्रिडीन ह्या रंजकद्रव्याचा पॅरामिशियम नामक एकपेशीय जीवावरील परिणाम तपासीत होता. विद्रावाची तीव्रता तीच असूनही जीव मरण्यास लागणारा वेळ दर खेपेस बदलत असे. ह्या विसंगतीचा पाठपुरावा करता तिचे कारण खोलीतील उजेड हे असल्याचे त्याला आढळले. अंधारात निरुपद्रवी असणारे द्रव्य प्रकाशात मारक ठरत होते. राबचा निबंध १९०० साली प्रसिद्ध झाला. पुढे टापायनर व योडलबाउअर ह्यांनी ह्या क्रियेस प्राणवायूची आवश्यकता असते असे दाखवून तिला ‘प्रकाशगतिक’ असे नाव दिले.

क्रियेच्या दुसऱ्या बाजूची जाणीवही लवकरच झाली. १९१२ साली फ्रीड्रिख मायर-बेट्झ ह्या जर्मन वैद्याने स्वतःच्या शिरेत २०० मिलिग्रॅम हिमॅटोपॉर्फिरीन टोचून घेतले. त्यानंतर उन्हात जाताच त्याचा चेहरा व हात सुजले आणि ही प्रकाशासहिष्णुता कित्येक आठवडे टिकली. जे द्रव्य जंतूंना प्रकाशात मारते तेच शरीरात उरल्यास शरीरालाही प्रकाशात इजा करते, हा त्या प्रयोगाचा धडा होता. रक्ताच्या संदर्भात तो पुढे सत्तर-ऐंशी वर्षांनी महत्त्वाचा ठरावयाचा होता.

२. विषाणू सापडले, परंतु रक्तात नव्हे

मेथिलीन ब्ल्यू हे रंजक १८७६ साली हाइनरिख कारो ह्यांनी कापडाच्या रंगासाठी तयार केले, आणि १८९१ साली पाउल एर्लिख व गुटमान ह्यांनी ते हिवतापाच्या रोग्यांना देऊन पाहिले. ह्याच रंजकाने स्टॅफिलोकॉकस जंतूंचा भक्षक विषाणू निष्क्रिय होतो, असे शुल्ट्झ व क्रूगर ह्यांनी १९२८ साली नमूद केले. ह्या क्रियेत प्रकाश व प्राणवायू ह्यांचा वाटा असल्याचे क्लिफ्टन ह्यांनी १९३१ साली दाखविले. १९३३ साली पर्ड्रो व टॉड ह्या इंग्लंडमधील संशोधकांनी मेथिलीन ब्ल्यू व प्रकाश ह्यांचा अनेक प्राणिविषाणूंवरील परिणाम लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. तत्त्वदृष्ट्या पाहता आज रक्तद्रवावर जो संस्कार केला जातो त्याची सामग्री त्या वर्षीच हाती आली होती.

परंतु पर्ड्रो व टॉड ह्यांची दृष्टी कोठे लागली होती, हे पाहणे उद्बोधक आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका निबंधात त्यांनी कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाचा विषाणू असा निष्क्रिय केल्यावरही त्याची प्रतिकारशक्ती उत्पन्न करण्याची क्षमता टिकून राहते, ह्यावर भर दिला आहे. अर्थात त्यांना लस हवी होती. विषाणू मारावयाचा तो पुन्हा प्राण्याला टोचण्यासाठी. विषाणूच्या भोवतालचा द्रव सुखरूप राहतो की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता आणि असण्याचे कारणही नव्हते.

साठविलेल्या रक्ताची व्यवस्था त्याच सुमारास आकाराला येत होती. शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात बर्नार्ड फँटस ह्यांनी १९३७ साली जी योजना सुरू केली तिला त्यांनीच ‘ब्लड बँक’ हे नाव दिले. आपला ‘रक्तपेढी’ हा शब्द त्याच कल्पनेचे रूपांतर होय. तथापि तत्कालीन रक्तपेढीची चिंता रक्तगटांची, रक्त गोठण्याची आणि उपदंशाची होती. रक्ताधानानंतर एक ते चार महिन्यांनी होणाऱ्या काविळीकडे पॉल बीसन ह्यांनी वैद्यकजगताचे लक्ष वेधले ते १९४३ साली. म्हणजे १९३३ साली उत्तर उपलब्ध होते. प्रश्न मात्र दहा वर्षांनी विचारला गेला. विलंबाच्या ह्या पहिल्या टप्प्यासाठी कोणालाही दोष देता येत नाही.

३. युद्ध, कावीळ आणि जंबुपार किरणांचे अपयश

दुसऱ्या महायुद्धाने प्रश्न तीव्र केला. १९४२ साली अमेरिकन सैन्यात पीतज्वराच्या लशीमुळे काविळीची मोठी साथ आली. लस टिकाऊ व्हावी म्हणून तिच्यात मानवी रक्तरस मिसळला होता, आणि त्या रक्तरसातूनच सुमारे ५०,००० सैनिकांना उघड कावीळ झाली. रणांगणावर पाठविण्यासाठी रक्तद्रव अनेक दात्यांकडून घेऊन एकत्र करीत. त्यामुळे एका दूषित दात्याचा दोष साऱ्या साठ्याला लागे.

अशा वेळी प्रकाशाचा आश्रय घेण्यात आला, पण रंजकावाचून. ऑलिफंट व हॉलेंडर ह्यांनी १९४६ साली रक्तरसातील काविळीचे कारक जंबुपार किरणांनी निष्क्रिय करता येते, असा आशादायक निष्कर्ष प्रसिद्ध केला. किरणित रक्तद्रव वापरात आला आणि त्यावर भिस्त ठेवली गेली. पुढील अनुभवाने ही भिस्त अस्थानी ठरविली. १९५५ साली मरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी तुरुंगातील स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांत किरणित रक्तद्रवानेही कावीळ होते, असे निश्चित झाले. रक्तद्रवातील प्रथिने हे किरण मोठ्या प्रमाणात शोषून घेतात, त्यामुळे द्रवाच्या थरात खोलवर पुरेसा प्रकाश पोहोचत नाही. आणि किरणांची मात्रा वाढवावी तर प्रथिनेच बिघडतात. ह्या पेचातून तत्कालीन साधनांना वाट काढता आली नाही.

ह्या अपयशापासून घेतला गेलेला बोध मात्र मूळ पुराव्याहून व्यापक होता. विशिष्ट किरणांचा विशिष्ट प्रयोग फसला होता. वैद्यकव्यवहारात मात्र रक्तद्रवाच्या बाबतीत प्रकाशाचा मार्गच बेभरवशाचा मानला जाऊ लागला. दुसरीकडे, अल्ब्युमिन हे प्रथिन स्थिरकारकांसह ६० अंश सेल्सिअस उष्णतेत १० तास ठेवल्यास सुरक्षित होते, हे १९४० नंतरच्या दशकातच सिद्ध झाले होते. उष्णता सोसणारे ते निर्धोक करावे, आणि न सोसणाऱ्या रक्तद्रव, बिंबाणू व तांबड्या पेशी ह्यांच्या बाबतीत काविळीचा धोका रक्ताधानाची किंमत म्हणून पत्करावा, अशी विभागणी रूढ झाली.

येथे प्रतिपक्षाचा विचार करणे न्याय्य होईल. १९५५ साली मेथिलीन ब्ल्यू व दृश्य प्रकाश ह्यांचा प्रयोग रक्तद्रवावर कोणी केला असता तर काय झाले असते? रक्तातून होणाऱ्या काविळीस बहुधा कारण होणारे ब व क हे दोन्ही विषाणू मेदावरणयुक्त आहेत, आणि अशा विषाणूंवर हा उपाय प्रभावी ठरतो, हे आज आपणांस ठाऊक आहे. परंतु त्या काळी ह्या विषाणूंची प्रयोगशाळेत वाढ होत नव्हती. उपाय लागू पडला की नाही हे तपासण्यास माणसाला टोचून पाहण्याखेरीज मार्ग नव्हता. शिवाय रक्त जाड काचेच्या बाटल्यांत ठेवले जाई. कार्ल वॉल्टर ह्यांनी १९५० च्या सुमारास पुढे आणलेली प्लॅस्टिकची पिशवी, जिच्यात द्रवाचा पातळ थर पसरून त्यावर समप्रमाणात प्रकाश टाकता येतो, ती सार्वत्रिक व्हावयास अजून अवकाश होता. तेव्हा १९५५ चा विलंब बव्हंशी साधनांच्या अभावाचा होता, हे मान्य केले पाहिजे. पुढच्या काळाविषयी असे म्हणता येत नाही.

४. बावचीची वाट

ह्या इतिहासाचा दुसरा प्रवाह सर्वस्वी भिन्न भूमीतून आला आहे, आणि त्याचा एक उगम भारतात आहे. बावची, संस्कृतात बाकुची किंवा अवल्गुजा, ह्या वनस्पतीचे बी पांढऱ्या कोडावर वापरण्याची परंपरा आपल्याकडे पुरातन आहे. चरकसंहितेतील श्वित्रचिकित्सेत औषधाच्या जोडीला ऊन घेण्याचा विधी आढळतो. ईजिप्तमध्ये आमी माजुस नामक वनस्पतीचा असाच उपयोग होत असे. १९३३ साली जोइस, मंजुनाथ व वेंकटराव ह्या भारतीय रसायनज्ञांनी बावचीच्या बियांचे रासायनिक परीक्षण प्रसिद्ध केले. त्यांनी वेगळ्या केलेल्या स्फटिकरूप द्रव्यास वनस्पतीच्या सोरालिया ह्या शास्त्रीय नावावरून सोरालेन असे नाव मिळाले. पर्ड्रो व टॉड ह्यांचे निबंध ज्या वर्षी निघाले तेच हे वर्ष. दोन्ही प्रवाह परस्परांपासून पूर्णपणे अनभिज्ञ होते, आणि रक्तपेढीच्या दारात ते एकत्र येण्यास आणखी अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला.

येथे एक सावधगिरी अवश्य आहे. प्राचीनांना विषाणूंचे प्रकाश-निष्क्रियीकरण ठाऊक होते, असा निष्कर्ष ह्यावरून काढणे इतिहासाला सोडून होईल. त्यांना ठाऊक होते ते एवढेच, की अमुक बी व ऊन ह्यांच्या संयोगाने त्वचेला वर्ण येतो. तो अनुभव अस्सल होता आणि त्याच्यामुळेच ही वनस्पती रसायनज्ञांच्या मेजावर आली. परंपरेचे हे ऋण पुरेसे मोठे आहे. ते फुगवून सांगण्याची आवश्यकता नाही.

सोरालेन-वर्गातील द्रव्ये त्वचेस प्रकाशग्राही करतात, हे कुस्के ह्यांनी १९३८ साली दाखविले. कैरो येथे फाहमी व अबू-शादी ह्यांनी १९४७ साली आमीपासून शुद्ध द्रव्य वेगळे केले, आणि एल् मोफ्ती ह्यांनी १९४८ साली कोडाच्या रोग्यांवरील त्याचे अनुभव नमूद केले. ह्या द्रव्यांचे खरे लक्ष्य पेशीतील न्यूक्लिइक अम्ल असते, ह्या गोष्टीचा उलगडा पादुआ येथील मुसाजो व रोदिगिएरो ह्यांच्या पथकाने १९६० नंतरच्या दशकात केला. १९७४ साली अमेरिकेत सोरायसिस रोगावर सोरालेन व दीर्घ जंबुपार किरण ह्यांची संयुक्त चिकित्सा प्रसिद्ध झाली. १९७८ साली हॅन्सन, रिग्ज व लेनेट ह्यांनी सोरालेनच्या साधितांनी विषाणू प्रकाशात निष्क्रिय होतात असे दाखविले. ह्यानंतर रक्तपेढीपर्यंतचे अंतर एका पावलाचे होते; ते पाऊल पडण्यास दहा वर्षे लागली.

५. चाचणीवरील विश्वास आणि त्याचा भंग

ह्या दहा वर्षांचे स्पष्टीकरण चाचण्यांच्या यशात आहे. ब्लुमबर्ग ह्यांनी १९६५ साली ज्याचे वर्णन केले ते ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ ब-काविळीच्या विषाणूचे चिन्ह ठरले, आणि १९७२ पर्यंत अमेरिकेत प्रत्येक दत्त रक्ताची त्यासाठी तपासणी सक्तीची झाली. रक्तसुरक्षेचा अर्थ त्यामुळे निश्चित झाला: दूषित रक्त ओळखावे आणि ते बाजूला काढावे. ही पद्धती स्वस्त व तर्कशुद्ध असून रक्ताला तिचा स्पर्शही होत नाही. विषाणू मारण्याच्या खटाटोपात रक्तच बिघडण्याचे भय असताना तो खटाटोप करावा कशाला, असे वाटणे स्वाभाविक होते.

परंतु चाचणी ज्ञात शत्रूचीच होते. १९७५ साली असे आढळले, की अ व ब ह्या दोन्ही विषाणूंच्या चाचण्या नकारात्मक असूनही रक्ताधानोत्तर कावीळ होतच राहते. तिला ‘अ-नव्हे-ब-नव्हे’ असे नाव देण्यात आले. अज्ञात कारकाला त्याच्या अभावावरून नाव द्यावे लागणे, हीच त्या पद्धतीच्या मर्यादेची कबुली होती. क-विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. मधल्या चौदा वर्षांत हा रोग रक्तातून पसरतो हे ठाऊक होते, आणि त्याची नेमकी चाचणी नव्हती. प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या होत्या, बिंबाणूंचे स्वतंत्र आधान रूढ झाले होते, प्रयोगासाठी चिंपँझी उपलब्ध होते. पूर्वीच्या अडचणी बऱ्याच अंशी दूर झालेल्या असताना निष्क्रियीकरणाचा प्रश्न मागे राहिला, ह्याचे कारण ही कावीळ सौम्य समजली जात होती. तिचे पर्यवसान वीस-तीस वर्षांनी यकृताच्या काठिण्यात होते, हे पुढे उमगले.

एड्सने हा समज मोडला. १९८२ च्या जुलैत हिमोफिलियाच्या तीन रोग्यांमध्ये हा रोग आढळल्याचे अमेरिकेत प्रसिद्ध झाले, आणि डिसेंबरात रक्ताधान झालेल्या एका अर्भकाचे उदाहरण पुढे आले. विषाणू १९८३ साली सापडला, चाचणी १९८५ च्या मार्चमध्ये मान्य झाली. तोपर्यंत अनेक दात्यांचा रक्तद्रव एकत्र करून बनविलेल्या औषधांमुळे जगभरातील हजारो हिमोफिलियाग्रस्त बाधित झाले होते. चाचणीपूर्वीचा काळ हा केवळ प्रतीक्षेचा नसून संहाराचाही असू शकतो, हे ह्या घटनेने दाखवून दिले. भारतात एड्सच्या विषाणूची तपासणी १९८९ नंतर सक्तीची झाली. रक्त विकणाऱ्या धंदेवाईक दात्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानुसार १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली. क-काविळीची तपासणी २००१ साली अनिवार्य झाली. म्हणजे आपल्याकडे ‘ओळखा व बाजूला काढा’ ह्या टप्प्यासच शतक सरेपर्यंतचा काळ लागला.

सुरक्षेचा अर्थ आता बदलला. कोणता विषाणू आहे हे न विचारता सर्वांनाच निष्प्रभ करता येईल काय, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. न्यूयॉर्क ब्लड सेंटरच्या हॉरोविट्झ प्रभृतींनी विद्रावक व प्रक्षालक ह्यांनी विषाणूंचे मेदावरण विरघळविण्याची जी रीत काढली, तिने तयार केलेल्या रक्तक्लथन घटकास १९८५ साली मान्यता मिळाली. परंतु पेशींनाही मेदाचे आवरण असते. त्यामुळे बिंबाणू व तांबड्या पेशी ह्यांना ही रीत लागू नव्हती. तेथे विषाणूच्या आवरणाऐवजी त्याच्या गाभ्यावर आघात करणारे साधन हवे होते, आणि ह्या ठिकाणी जुने ज्ञान पुन्हा उपयोगी पडले. १९८८ साली हार्वे आल्टर व सहकारी ह्यांनी सोरालेन व दीर्घ जंबुपार किरणांनी संस्कारित केलेल्या दूषित रक्तघटकांमुळे चिंपँझींना कावीळ होत नाही, असे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी डल्लास येथील मॅथ्यूज प्रभृतींनी हिमॅटोपॉर्फिरीनवर्गीय द्रव्यांचा रक्तपेढीच्या दृष्टीने विचार मांडला. १९९१ साली जर्मनीतील श्प्रिंगे येथील रेडक्रॉसच्या रक्तसंस्थेतून लाम्ब्रेख्ट, मोर व सहकाऱ्यांनी मेथिलीन ब्ल्यू-वर्गीय रंजके व दृश्य प्रकाश ह्यांची ताज्या रक्तद्रवावरील रीत प्रसिद्ध केली. पर्ड्रो व टॉड ह्यांचे रंजक अठ्ठावन्न वर्षांनी रक्तपेढीत पोहोचले.

६. निवडीचे तत्त्व

ह्या उपायाची मर्मदृष्टी एका साध्या शरीरशास्त्रीय वस्तुस्थितीत आहे. रक्तद्रवाला जिवंत पेशीची गरज नाही. बिंबाणू व परिपक्व तांबड्या पेशी ह्यांना केंद्रक नसते. रोग्याला रक्तातून जे हवे असते त्याचे कार्य केंद्रकातील न्यूक्लिइक अम्लावाचून चालते. उलट विषाणू, जंतू आणि हिवतापाचा परजीवी ह्यांची संख्यावाढ त्या अम्लावाचून अशक्य आहे. दात्याच्या पांढऱ्या पेशींनाही केंद्रक असते. त्या निष्प्रभ होतात हा आणखी एक लाभ होय, कारण क्वचित त्याच रोग्याच्या शरीरावर उलटतात.

हा आघात तीन प्रकारे घडविण्यात आला आहे. मेथिलीन ब्ल्यू प्रकाश शोषून ती ऊर्जा प्राणवायूस देते, आणि त्यातून उत्पन्न होणारा उत्तेजित प्राणवायू न्यूक्लिइक अम्लातील ग्वानीन ह्या घटकाचे ऑक्सिडीकरण करतो. सोरालेनाची रीत निराळी असून तिला प्राणवायू लागत नाही: त्याचा चपटा रेणू अम्लाच्या जिन्यासारख्या रचनेतील दोन पायऱ्यांमध्ये शिरतो आणि दीर्घ जंबुपार किरण पडताच दोन्ही बाजूंस रासायनिक बंधांनी जखडला जातो, दोन धागे एकमेकांस शिवले गेल्यावर त्यांची नक्कल निघू शकत नाही. प्रारंभीच्या सोरालेनाला कित्येक तासांचे किरणन लागे. बर्कली विद्यापीठातील जॉन हर्स्ट व स्टीफन आयझॅक्स ह्यांच्या सहभागाने १९९१ साली स्थापन झालेल्या सेरस ह्या कंपनीने अ‍ॅमोटोसालेन नावाचे साधित पुढे आणले. त्याने हा अवधी काही मिनिटांवर आला. तिसरे द्रव्य रिबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व. ते अन्नातच असल्याने त्याच्या अवशेषांविषयीची चिंता कमी. मायर-बेट्झचा धडा येथे विसरला गेलेला नाही: अ‍ॅमोटोसालेनाचा उरलेला अंश रक्तघटक रोग्यास देण्यापूर्वी शोषकाच्या साहाय्याने काढून टाकतात.

ह्या लाभाची किंमतही द्यावी लागते. उत्तेजित प्राणवायूपासून प्रथिने अलिप्त राहत नाहीत. मेथिलीन ब्ल्यू-संस्कारित रक्तद्रवात फायब्रिनोजेन व आठव्या क्लथन घटकाची क्रियाशीलता लक्षणीय प्रमाणात घटते. अमेरिकेत ६४५ रोग्यांवर झालेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अ‍ॅमोटोसालेन-संस्कारित बिंबाणूंनी रक्तस्राव आवरण्याचे काम नेहमीच्या बिंबाणूंच्या तोडीने केले. परंतु अशा रोग्यांना सरासरी ८.४ आधाने लागली, तर दुसऱ्या गटाला ६.२. आवरणरहित विषाणूंपैकी काही ह्या उपायांना दाद देत नाहीत. संस्कारित रक्तद्रवातूनही ई-काविळीचा विषाणू दोन रोग्यांना गेल्याचे २०१४ साली फ्रान्समधून नमूद झाले. सर्वांत मोठी उणीव म्हणजे तांबड्या पेशी: त्यांतील हिमोग्लोबिन प्रकाश गिळून टाकते. म्हणून त्यांच्यासाठी प्रकाशावाचून कार्य करणाऱ्या द्रव्यांचा मार्ग शोधावा लागला.

७. साथींचा पुरावा

युरोपात अ‍ॅमोटोसालेन-संस्कारित बिंबाणूंना २००२ साली मान्यता मिळाली, अमेरिकेत २०१४ च्या डिसेंबरात. ही बारा वर्षांची तफावत अर्थपूर्ण आहे. संपन्न देशांत न्यूक्लिइक अम्लाच्या चाचण्यांमुळे एड्स व क-कावीळ रक्तातून होण्याचा संभव सुमारे दहा लाखांत एक इतका खाली आला होता. ज्ञात विषाणूंच्या बाबतीत मिळविण्यासारखे फारसे उरले नव्हते. आणि अज्ञात विषाणूसाठी खर्च व बिंबाणूंची हानी सोसावी काय, ह्यावर मतभेद होते.

ह्या वादात साथींनी भर घातली. हिंदी महासागरातील रेयुनियाँ बेटावर २००५-०६ साली चिकुनगुनियाची साथ येऊन सुमारे एक-तृतीयांश लोक आजारी पडले. दात्यांच्या रक्तात विषाणू असण्याचा संभव इतका वाढला, की २००६ च्या जानेवारीत तेथील रक्तसंकलन थांबविण्यात आले. तांबड्या पेशी व रक्तद्रव फ्रान्सहून आणता आले. पण बिंबाणूंचे आयुष्य अवघ्या काही दिवसांचे. ते स्थानिक दात्यांकडूनच घेऊन अ‍ॅमोटोसालेन व प्रकाश ह्यांचा संस्कार करून देण्यात आले. २०१३-१४ साली फ्रेंच पॉलिनेशियात झिकाची साथ आली तेव्हा तपासलेल्या १,५०५ दात्यांपैकी ४२ जणांच्या रक्तात तो विषाणू आढळला, आणि रक्त देतेवेळी त्यांना कोणतेही लक्षण नव्हते. चिकुनगुनियाची हीच लाट २००६ साली महाराष्ट्रासह भारताच्या अनेक भागांत पसरली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे दूरच्या बेटांवरील हा अनुभव आपणांस परका वाटणार नाही.

ह्याहून निराळा पुरावा घानातील कुमासी येथून आला. तेथे पुष्कळ ठिकाणी रक्ताचे घटक वेगळे न करता संपूर्ण रक्तच दिले जाते, आणि दात्यांमध्ये हिवतापाचा प्रादुर्भाव मोठा असतो. रिबोफ्लेविन व जंबुपार किरण ह्यांनी संपूर्ण रक्तावर संस्कार करून घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. परजीवी असलेले रक्त मिळालेल्यांपैकी संस्कारित गटात २८ पैकी १ व असंस्कारित गटात ३७ पैकी ८ जणांना हिवतापाची लागण झाली. आकडे लहान आहेत. तरी ते ज्या भूमीतून आले ते महत्त्वाचे आहे. ज्या देशांत रक्तातून रोग जाण्याचा धोका सर्वाधिक आहे तेथे हा उपाय तपासला जाण्यास राबच्या निबंधानंतर शंभराहून अधिक वर्षे लागली.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून साठ वर्षांचा विलंब एकजिनसी नव्हता, असे दिसून येते. १९४३ पर्यंत प्रश्नच उपस्थित नव्हता. १९५५ पर्यंत प्रश्न होता, पण तो तपासण्याची साधने नव्हती, आणि एका निराळ्या रीतीच्या अपयशाने साऱ्या मार्गावर छाया पडली. १९७५ ते १९८८ ह्या काळात प्रश्न होता, साधनेही बऱ्याच अंशी होती. उणीव होती ती निकडीच्या जाणिवेची. क-काविळीचे रोगी सावकाश मरत होते, आणि सावकाश येणारा मृत्यू रक्तपेढीच्या हिशेबात धरला जात नव्हता. पहिल्या दोन टप्प्यांना दैव किंवा परिस्थिती म्हणता येईल. तिसऱ्या टप्प्याची जबाबदारी मात्र त्या काळच्या निर्णयांवर येते. हा भेद न करता साऱ्या विलंबाला ‘अज्ञान’ म्हणणे, किंवा साऱ्याला ‘हलगर्जीपणा’ म्हणणे, दोन्ही सारखेच सोपे आणि सारखेच चुकीचे आहे.

विज्ञानाच्या इतिहासात शोधाची तारीख लिहिण्याचा प्रघात आहे. तो शोध ज्यांच्यासाठी उपयुक्त होता त्यांच्यापर्यंत केव्हा पोहोचला, ही दुसरी तारीख सहसा लिहिली जात नाही. प्रकाश-निष्क्रियीकरणाच्या बाबतीत ही दुसरी तारीख म्युनिक, श्प्रिंगे, रेयुनियाँ व कुमासी ह्या ठिकाणी वेगवेगळी आहे, आणि तांबड्या पेशींवर अवलंबून असलेल्या थॅलसीमियाच्या मुलाच्या दृष्टीने पाहता ती अद्याप यावयाची आहे. ह्या दोन तारखांमधील अंतर मोजणे आणि त्याची कारणे टप्प्याटप्प्याने वेगळी करणे, हे वैद्यकाच्या इतिहासकाराचे काम आहे. पुढचा अज्ञात विषाणू रक्तात शिरेल तेव्हा चाचणी तयार होईपर्यंतच्या काळात काय करावयाचे, ह्याचा विचार ज्यांना करावयाचा आहे त्यांना ह्या कामाचा उपयोग व्हावा.